माझं तिसरं तोंड

"वैनी, ह्यो साबण पेट्रोलला भीत न्हाई, पाण्याला भितो. इंजिनावर पाणी मारू देऊ नका. आन् आठ दिसांत गाडी परत आणा, पक्की टोपी करून देतो."

काशीनाथ मिस्त्रीनं हे सांगितलं तेव्हा प्रभावती मोटारीच्या मागच्या सीटवर बसली होती. तिच्या मांडीवर पाच महिन्यांची विमल रडून रडून लाल झाली होती. दुधाची बाटली पदराखाली सांडली होती आणि गॅरेजात ऊन यायला लागलं होतं. ती "हो, हो, सांगते मुंजाजीमामांना" म्हणाली. मुंजाजी म्हणजे आमचा ड्रायव्हर. तो तेव्हा समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेला होता. तो आला, मोटार सुरू झाली, विमल झोपली आणि मिस्त्रीचं बोलणं गॅरेजातच राहून गेलं.

खरं सांगायचं तर ते बोलणं मीही ऐकलं होतं. मीही मनावर घेतलं नाही. साबणाचा तो गार, सुगंधी लेप मला फार आवडला होता.

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची टी आहे. प्यायचा चहा नव्हे. इंग्रजी टी अक्षरासारखी तीन तोंडांची बोटभर जोड असते, तिला गॅरेजातली माणसं टी म्हणतात. परभणीतल्या एका काळ्या मोटारीच्या पोटात, पेट्रोलच्या नळीत मी बसलेली आहे. मोटार अठ्ठावन्न सालची. मी तिच्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. मी आधी पाणी तापवायच्या बंबाची तोटी होते. मोटारीच्या मालकांच्याच घरी, न्हाणीत, माझ्यातून वाफाळलेलं पाणी पडायचं. बंबाच्या बुडाला भोक पडलं आणि त्याची रवानगी माळ्यावर झाली. पुढं ऐंशी साली पेट्रोलचे भाव असे काही चढले, की मोटारीचे मालक व्यंकटराव वकील, ज्यांनी कधी कोर्टात आवाज चढवला नाही, ते पेट्रोल पंपावर चढवू लागले. कुणीतरी त्यांना सुचवलं, की मोटार रॉकेलवर चालवता येते. सुरू करताना तेवढं पेट्रोल लागतं, इंजिन तापलं की रॉकेल चालतं. मग काशीनाथ मिस्त्रीनं इंजिनाशेजारी पेट्रोलचा एक छोटा डबा बसवला. आता मागच्या टाकीतलं रॉकेल आणि या डब्यातलं पेट्रोल, दोन्ही एकाच जागी यायला हवं होतं. त्यासाठी हवी होती टी. बाजारात मापाची मिळेना. व्यंकटरावांनी माळ्यावरून बंबाची तोटी काढून दिली.

मिस्त्रीनं मला कापलं, तापवलं, दुसऱ्या पितळी नळीशी झाळलं आणि लेथवर धरून माझ्या तिन्ही तोंडांना आटे पाडले. ते आटे त्याच्या अंदाजाचे. माझ्यासारखी दुसरी टी जगात नाही. याचा मला फार अभिमान होता. आपल्यासारखं दुसरं कुणी नसलं, की आपल्याला बसेल अशी टोपीही दुसरीकडं मिळत नाही, हे कळायला मला पाच वर्षं लागली.

पहिल्या तोंडातून रॉकेल यायचं, तिसऱ्यातून पेट्रोल, आणि दुसऱ्यातून मी ते इंजिनाकडं पाठवायची. ती माझ्या ऐन उमेदीची वर्षं. जिंतूर, पाथरी, पोखर्णी, सगळीकडं आम्ही जायचो. एसटी बंद पडली, की गल्लीतली माणसं व्यंकटरावांच्या दारात यायची. कुणाला दवाखान्यात न्यायचं असायचं, कुणाच्या लेकीला परीक्षेला. व्यंकटराव कुणाला नाही म्हणायचे नाहीत, फक्त रॉकेलच्या धुराबद्दल आधीच माफी मागून ठेवायचे.

कौतुक मात्र माझं कमी आणि मुंजाजीच्या नाकाचं जास्त व्हायचं. ते नाक आमच्या घरात प्रसिद्ध होतं. पंपावर गेलं, की मुंजाजी नळीचं टोक नुसतं हुंगायचा आणि त्या पेट्रोलात रॉकेल किती मिसळलंय ते सांगायचा. ओसरीवर बसल्या बसल्या त्याला कळायचं, की मोटारीत कुठंतरी थेंब गळतोय. मग उठून, बॉनेट वर करून थेट माझ्यापाशी यायचा, मानेजवळचा नट पाव फेरी आवळायचा आणि म्हणायचा, "गप बस आता." व्यंकटराव आल्यागेल्याला सांगायचे, की आमच्या गाडीला काटे नाहीत, मीटर नाहीत, मुंजाजीचं नाक आहे.

व्यंकटराव त्र्याऐंशी साली गेले. मोटार त्यांच्या मुलाकडं, बन्सीधरकडं आली. बन्सीधर कॉलेजात शिकवायचा आणि मोटारीकडं वडिलांची आठवण म्हणूनच बघायचा, उघडून कधी बघायचा नाही. त्याची बायको प्रभावती बी.एस्सी. झालेली. पुढच्या वर्षी विमल झाली. विमल हे जुन्या वळणाचं नाव सासूबाईंच्या, म्हणजे नर्मदाबाईंच्या, हट्टापायी ठेवलेलं. प्रभावती त्यांना आत्या म्हणायची.

प्रभावती पहिल्यापासून काळजी करणारी. विमल झाल्यावर ती काळजी दुपटीनं वाढली. पाळण्याची दोरी ती दिवसातून तीनदा ओढून बघायची. दूध उतू जायच्या आधी तिला कळायचं. झोपेत बाळाचा श्वास जरा बदलला, की उठून बसायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, लेकरं काय काचेची असतात का?" त्यावर ती हसायची, पण दोरी ओढून बघायचं सोडायची नाही. मला ती फार आवडायची. माझंही तसंच होतं. रात्रंदिवस आपल्या तिन्ही तोंडांवर लक्ष ठेवायचं, दुसरं मला काय काम होतं?

रॉकेलच्या धुरानं विमलला खोकला व्हायला लागला, तेव्हा प्रभावतीनं ठाम सांगितलं, की हे रॉकेल आता बंद. बन्सीधर लगेच कबूल झाला. पंच्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत मोटार मिस्त्रीकडं गेली. मिस्त्रीनं इंजिनाशेजारचा छोटा डबा काढला. टाकीत सरळ पेट्रोल भरलं. आणि माझं तिसरं तोंड रिकामं झालं.

रिकामं तोंड उघडं ठेवता येत नाही. पेट्रोल पुढं जायच्या ऐवजी तिथून बाहेर येईल. खाली धुराची लोखंडी नळी असते, ती चालताना तव्यासारखी तापते. म्हणून तोंड बंद करायचं. पण माझे आटे अंदाजाचे, मापाची टोपी बाजारात नाही, लेथवर करावी लागणार. आणि नेमका त्या दिवशी लेथचा पट्टा तुटलेला. मिस्त्रीनं बाभळीच्या काडीची खुंटी तासली, तिला चिंधी गुंडाळली, माझ्या तोंडात ठोकली आणि वरून कपड्याच्या साबणाचा बोटभर लेप दाबून बसवला. मित्रांनो, ही काही फसवाफसवी नव्हे. त्या काळी गळती थांबवायला साबण सगळेच लावायचे. पेट्रोलात साबण विरघळत नाही, उलट चिकटून घट्ट बसतो. पण ती वेळ मारून न्यायची सोय. मिस्त्रीनं तसं बजावलंच होतं.

बाकी तुम्हाला सांगितलंच आहे. बाळ रडत होतं. प्रभावती "हो" म्हणाली. घरी गेल्यावर विमलला ताप भरला, मग पाहुणे आले, मग बन्सीधरच्या कॉलेजात परीक्षा सुरू झाल्या. आठ दिवसांचा महिना झाला. कधीमधी तिला आठवायचं आणि ती स्वतःशीच म्हणायची, काही झालंच तर वास येईल की, मुंजाजीमामा आहेत. रोज सकाळी ती ओसरीवरून विचारायची, "मामा, गाडीत काही वास?" मुंजाजी बॉनेट वर करायचा, वाकायचा, हुंगायचा आणि म्हणायचा, "न्हाई वैनी, एकदम साफ हाय."

आता एक गोष्ट सांगते. ती त्या घरात फक्त मला ठाऊक होती. चैत्रात माझ्या मानेचा नट जरा ढिला झाला. माझी मान ओली झाली. मुंजाजी आला, माझ्यापासून वितभर अंतरावर नाक आणलं, दोनदा श्वास ओढला आणि बॉनेट लावून निघून गेला. मी चाटच पडले. जो माणूस ओसरीवरून माझा थेंब ओळखायचा, तो समोर येऊन मला हुंगून तसाच निघून गेला. मला वाटलं, रुसलाय. डबा गेला, एक तोंड रिकामं झालं, आता हिची काय किंमत, असं त्याला वाटत असेल. पाच-सहा दिवसांनी चाक बदलताना त्याला माझा ओलावा डोळ्यांना दिसला, तेव्हा त्यानं नट आवळला. "गप बस" मात्र म्हणाला नाही. नुसता माझ्याकडं बघत उभा राहिला.

पुढं श्रावणात सगळे पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला निघाले. देवळात गर्दी होती. प्रभावती आणि नर्मदाबाई रांगेत गेल्या. विमल उन्हानं किरकिर करायला लागली, म्हणून तिला मोटारीत मुंजाजीच्या मांडीवर ठेवलं. तास-दीड तासानं दोघी परत आल्या, तर दहा पावलांवरूनच नर्मदाबाईंनी नाकाला पदर लावला. विमलनं लंगोट भरला होता. तो पाझरून मुंजाजीच्या धोतरापर्यंत आला होता. आणि मुंजाजी तिला मांडीवर घेऊन, खिडकीतून कावळे दाखवत, निवांत बसला होता.

"अरे मुंजाजी, पोरीनं तुला न्हाऊ घातलं की रे," नर्मदाबाई म्हणाल्या.

मुंजाजीनं खाली बघितलं. क्षणभर त्याचा चेहरा कसानुसा झाला. मग तो हसून म्हणाला, "देवाच्या दारचा परसाद हाय माय, न्हाई कसा म्हणू?"

सगळे पोट धरून हसले. प्रभावतीही हसली. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, की मुंजाजीमामांइतका सोशिक माणूस बघितला नाही, मी आई असून मला तास काढवला नसता. पुढचे कितीतरी दिवस घरात ही गोष्ट सांगितली जात होती. मी मात्र हसले नाही. मला माझी ओली मान आठवत होती.

दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याला मोटारीची पूजा होते. वर्षभर कुणी बघो न बघो, त्या दिवशी तिला न्हाऊमाखू घालतात, झेंडूच्या माळा घालतात, बॉनेट उघडून इंजिनालाही हळदकुंकू वाहतात. पान्हे, जॅक, हातोडी, सगळं पुसून पाटावर मांडतात. मुंजाजीला या दिवसाची मोठी हौस. पहाटे उठून त्यानं बादल्यांवर बादल्या ओतल्या. चाकं घासली, काचा घासल्या. मग बॉनेट वर केलं आणि इंजिनावरची वर्षाची धूळ काढायला चार बादल्या पाणी मारलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं होतं ते फेब्रुवारीत विमलच्या रडण्यात हरवलं होतं.

पाणी माझ्यावर पडलं. साबणाला आधी फेस आला. मग तो लेप मऊ झाला, ओघळला आणि धुराच्या नळीवरून खाली चिखलात गेला. राहिली ती बाभळीची खुंटी आणि तिच्याभोवतीची चिंधी. आठ महिन्यांत खुंटी सुकून आकसली होती. साबण होता म्हणून धरून होती.

धुणं झाल्यावर मुंजाजीनं मोटार सुरू करून अंगणातून ओसरीसमोर आणून लावली. तेवढ्या दोन मिनिटांत पंपानं पेट्रोल ढकललं. माझ्या तिसऱ्या तोंडातून चिंधी भिजली. एक थेंब पडला. मग दुसरा. इंजिन बंद झालं तरी नळीत होतं तेवढं झिरपत राहिलं. पूजेसाठी बॉनेट उघडंच होतं.

नर्मदाबाई पूजेची तयारी घेऊन आल्या. पुढच्या बंपरवर केळ्यात दोन उदबत्त्या खोचल्या. नवा पुडा होता. हातात काडेपेटी होती. त्यांना जरा पेट्रोलचा वास आला, पण मोटारीला तो असायचाच; तरी त्या मुंजाजीला म्हणाल्या, "बघ रे बाबा एकदा, सगळं ठीक हाय ना?"

मुंजाजी वाकला. त्यानं हुंगलं. माझ्या तोंडातला थेंब त्याच्या नाकासमोर लोंबत होता. डोळ्यांनी बघितलं असतं तर दिसला असता, पण नाकानं तपासायची त्याची वर्षानुवर्षांची सवय. हुंगताना तो डोळे मिटायचा.

"काही न्हाई माय. करा पूजा."

मित्रांनो, त्या घटकेला मला किती वाटलं, की आपल्या तीन तोंडांपैकी एखाद्याला आवाज असता! पितळ बोलत नाही. पितळ फक्त धरून ठेवतं, नाहीतर गळतं. मी जिवाच्या आकांतानं ती चिंधी धरून ठेवत होते.

एवढ्यात प्रभावती घरातून बाहेर आली. उजव्या हातात ताट, ताटात पेटलेलं निरांजन. डाव्या कडेवर विमल, नव्या परकरात. पायऱ्यांवरूनच तिनं सहज विचारलं, काही मनात न धरता, नुसतं सणाच्या दिवशी माणूस बोलतं तसं: "मामा, आत्यांनी नवी उदबत्ती आणलीय, वास कसा आहे हो?"

"लय झकास हाय वैनी," मुंजाजी म्हणाला. "समदं अंगण घमघमायलंय."

प्रभावती हसून एक पायरी उतरली. मग तिची नजर बंपरवर गेली. केळ्यात खोचलेल्या उदबत्त्यांची टोकं काळी कुळकुळीत, कोरी होती. त्या अजून लावल्याच नव्हत्या.

ती थांबली. मी तिचा चेहरा खालून बघत होते. मला दिसलं, की तिला पोखर्णी आठवलं. मांडीवर भरलेला लंगोट घेऊन तासभर निवांत बसलेला माणूस आठवला. आणि मग त्याच्यामागून, आठ महिने मागं राहिलेलं मिस्त्रीचं बोलणं चालत तिच्यापर्यंत आलं.

"आत्या, काडी ओढू नका," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

प्रभावती वळली, ताट आत नेलं, देवघरात ठेवलं, फुंकर न मारता निरांजनावर वाटी पालथी घातली. बाहेर येऊन विमलला नर्मदाबाईंच्या हातात दिलं आणि दोघींना परसात जायला सांगितलं. मग एकटी मोटारीपाशी आली. दोन पावलांवरच तिचं नाक आकसलं. तिनं वाकून बघितलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं, असं मला अजून वाटतं. तिनं बोट पुढं करून माझ्या तोंडातला थेंब टिपला आणि ते बोट मुंजाजीपुढं धरलं.

"मामा, हे काय आहे?"

मुंजाजीनं बोट हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग प्रभावतीच्या चेहऱ्याकडं बघितलं. "पाणी हाय, वैनी," तो हळूच म्हणाला. पण त्याला कळून चुकलं होतं, की ते पाणी नाही.

बन्सीधर बाहेर आला. त्याला सगळं समजायला थोडा वेळ लागला आणि समजल्यावर तो पांढरा पडला. माणूस घाबरला, की रागावतो. तो म्हणाला, की माझी मुलगी, माझी आई आत्ता कुठं असत्या, विचार करा. असा माणूस गाडीवर ठेवायचा तरी कसा?

मुंजाजी ओसरीच्या खालच्या पायरीवर बसला होता. मान वर न करता त्यानं सांगितलं. मागच्या पावसाळ्यात त्याला दहा दिवस ताप आला होता. ताप गेला, तो नाकही घेऊन गेला. आधीच वीस वर्षं नळी तोंडात धरून पेट्रोल ओढून ओढून ते नाक अर्धं मेलेलं होतं. घरी बायकोची, कस्तुराबाईची, भाकर तव्यावर करपायची आणि त्याला कळायचं नाही. दवाखान्यात दाखवलं, काही झालं नाही.

"वरीस झालं, बन्सीभाऊ. कुणाला सांगू? ह्या घरात माझं नाकच तेवढं नावाजलेलं. तेच गेलं म्हणल्यावर मुंजाजीला कोण ठिवंल?"

पाटावरचे पुसलेले पान्हे उन्हात चमकत होते. मग प्रभावती म्हणाली:

"मिस्त्रींनी इशारा मला दिला होता. साबण पाण्यानं जातो, म्हणून सांगितलं होतं. मी मामांना सांगितलं नाही. रोज सकाळी ओसरीवरून गाडीचं विचारलं. मामांना स्वतःला काय होतंय, ते एकदाही विचारलं नाही. गाडीवर कुणाला ठेवायचं नाही हे ठरवायचं असेल, तर आधी मला उतरवा."

बन्सीधर बराच वेळ झेंडूची माळ हातात फिरवत राहिला. शेवटी ती त्यानं मोटारीला घातली आणि मुंजाजीला म्हणाला, "उठा. चावी काढा. आज हिला ढकलत न्यायचं."

त्या दसऱ्याला आमची पूजा काडी न ओढता, नुसत्या हळदकुंकवानं झाली. मग बन्सीधर, मुंजाजी आणि गल्लीतली चार माणसं मोटार ढकलत मिस्त्रीच्या गॅरेजापर्यंत घेऊन गेली. सणाचा दिवस, रस्त्यावर माणसं. कुणी विचारलं, बन्सीधरभाऊ, सीमोल्लंघन असं करतात का? मिस्त्री दारात उभा होता. प्रभावती मागून रिक्षानं आली होती. तिला बघून तो म्हणाला, "मी आठ दिस म्हणलं होतं वैनी. तुमी आठ महिने लावले."

"चुकलं माझं," ती म्हणाली. बाकी काही नाही.

मिस्त्रीनं सण बाजूला ठेवून लेथ सुरू केला. पितळेच्या सळईतून माझ्या आट्यांची टोपी कातली. ती माझ्या तोंडावर दोनदा फिरवून बघितली, दोनदा काढून पुन्हा घासली. आत तांब्याचा पातळ वायसर घातला आणि पान्ह्यानं आवळली. मग मला नळीसकट घमेल्यातल्या पाण्यात बुडवून दुसरीकडून फुंकर मारली, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात तशी. एकही बुडबुडा आला नाही. प्रभावतीनं पुन्हा एकदा मारायला लावली. मिस्त्री कुरकुरला, पण मारली. पुन्हा एकही नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझं तिसरं तोंड बंद आहे. काम गेलं म्हणून मी आधी खट्टू झाले होते. पण न वापरलेलं तोंड नीट बंद ठेवणं हेही कामच असतं, आणि ते चोवीस तासांचं असतं, हे मला तेव्हा कळलं.

मुंजाजी आणखी सहा वर्षं मोटार चालवत होता. डोळे, हात, पाय सगळं शाबूत होतं. फक्त सकाळी बॉनेट उघडलं, की हुंगायला घरातलं दुसरं माणूस यायचं. आधी प्रभावती यायची. विमल चार वर्षांची झाल्यावर तिनं ते काम मागून घेतलं. ती स्टुलावर चढायची, माझ्यापाशी नाक आणायची आणि म्हणायची, "मुंजाजीआजोबा, आज पेट्रोल नाही, पण तुमच्या तंबाखूचा वास येतोय." मुंजाजी म्हणायचा, "तेवढा माझ्या वाटचा बी घे माय."

एक्क्याण्णव साली तो घरी बसला. जिंतूरला त्याचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्याच वर्षी कस्तुराबाई गेली. मुलगा नाशिकला कारखान्यात असतो. म्हाताऱ्या बापानं चूल फुंकू नये, म्हणून त्यानं हौसेनं गॅसची शेगडी घेऊन दिली. प्रभावतीला हे कळलं, त्या रात्री तिला झोप लागली नाही. तुमच्या लक्षात आलं ना का ते? गॅस गळला, तर गल्लीला कळेल. मुंजाजीला कळणार नाही.

तेव्हापासून महिन्यातून एकदा आम्ही जिंतूरला जायचो. प्रभावती त्याच्या घरात शिरायची, आधी खिडकी उघडायची, मग शेगडीपाशी वाकून हुंगायची, नळी वाकवून बघायची. त्याला सांगायची, स्वयंपाक झाला की खाली सिलिंडरचा खटका बंद करायचा. तो म्हणायचा, "करतो की वैनी." पण आता तो विसरतो. मागच्या खेपेला खटका उघडाच होता.

मी आता म्हातारी झाले. मोटारही झाली. दिवाळीपासून ती शेडमध्ये उभी आहे. टायर गेले, बॅटरी गेली, बॉनेटवर मांजर झोपतं. माझी टोपी मात्र अजून घट्ट आहे. प्रभावती एसटीनं जायची म्हणत होती, पण या जानेवारीत, चौऱ्याण्णव साली, विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला, त्या गडबडीत गाड्यांचा भरवसा नव्हता. मग विमलला कांजिण्या झाल्या. काल प्रभावती शेडमध्ये आली, बॉनेट उघडून तिनं सवयीनं मला हुंगलं आणि स्वतःशीच म्हणाली, "दोन महिने झाले." पुन्हा एकदा एक लहान मूल आजारी आहे, पुन्हा एक सांगणं मागं राहतंय. मला ही गोष्ट ओळखीची वाटते. म्हणून आज तुमच्याशी बोलायचं धाडस केलं.

तुमच्यापैकी कुणी जिंतूरकडं जाणार असेल, तर एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत शेवटचं घर आहे, दारात कण्हेर आहे. मुंजाजीला हाक मारा. तो म्हणेल, सगळं ठीक हाय. तो तसंच म्हणतो. तुम्ही आत जा, काडी ओढू नका, खिडकी उघडा, शेगडीपाशी वाका आणि स्वतःच्या नाकानं हुंगून बघा.